आतला ऑक्सिजन कुठे जातो?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान-प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. नववीतला एक मुलगा आपली मांडणी घेऊन उभा होता. दुधाच्या पावडरीचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाची फट मातीने लिंपलेली, झाकणातून निघालेली तांब्याची नळी, नळीभोवती ओले फडके आणि शेवटी एक बाटली. डब्यात लाकडाचा भुस्सा, डब्याखाली शेगडी. बाटलीत बोटभर तांबूस-काळे पाणी जमले होते. वर पाटी होती : 'भुश्श्यापासून डिझेल'. मागच्या तक्त्यावरची आकृती ओळखीची वाटली म्हणून जवळ जाऊन पाहिले, तर ती आमच्याच एका लेखातून मोठी करून काढलेली होती.

आम्ही विचारले, "हे पेटतं का?"

मुलाने सरांकडे पाहिले. सर म्हणाले, "शुद्ध केल्यावर पेटतं." मग ते दुसऱ्या परीक्षकांकडे वळले, तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "सर, खरं सांगू का? नाही पेटत. तीनदा करून पाहिलं. नळीतून धूर येतो तो पेटतो. डब्यात कोळसा राहतो तोही पेटतो. पण बाटलीतलं नाही पेटत. आमचं काहीतरी चुकतंय."

त्याचे काहीच चुकत नव्हते. त्याने केलेली तिन्ही निरीक्षणे बरोबर होती. पण अजून तीसेक मांडण्या पाहायच्या होत्या. आम्ही 'आणखी प्रयत्न कर' असे म्हणून पुढे गेलो आणि गुणपत्रिकेत शेरा लिहिला : 'उत्पादन सिद्ध करून दाखवता आले नाही.' हा शेरा नंतर फार दिवस मनात राहिला. कारण चूक होती ती आमच्या लेखात. 'जैवभार ऑक्सिजनशिवाय वेगाने तापवला की तेल मिळते व त्यापासून पेट्रोल, डिझेल बनवता येते' असे एक वाक्य आम्ही त्यात लिहून टाकले होते. हे वाक्य आमचे एकट्याचे नाही. या विषयावरच्या लोकप्रिय लेखांत, पुस्तिकांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ते थोड्याफार फरकाने सापडते. या लेखात आम्ही त्या वाक्याची तपासणी करणार आहोत.

१९९६ साली तामिळनाडूतून 'झाडपाल्याचे पेट्रोल' ही बातमी आली आणि देशभर गाजली, ती पुष्कळांना आठवत असेल. तिथे परीक्षणाचे काम सोपे होते. मुळात दावाच रसायनशास्त्रात बसत नव्हता. इथे तसे नाही. शीघ्र औष्णिक विघटन ही खरी प्रक्रिया आहे, तिच्यावर चांगले संशोधन झालेले आहे, कारखानेही उभे राहिले आहेत. आमच्या वाक्यातला एकेक शब्द वेगळा घेतला तर खोटा म्हणता येणार नाही. म्हणूनच ते जास्त फसवते.

आधी 'वेगाने' हा शब्द घेऊ, कारण बहुतेक लेखांत तो येतो आणि समजावून न सांगता सोडून दिला जातो.

लाकूड हवेशिवाय तापवणे ही जुनी विद्या आहे. आपल्याकडचा लोणारी कोळसा असाच होतो. लाकडाची रास मातीने झाकून आत विस्तव धुमसत ठेवतात. शाळेच्या जुन्या पुस्तकांत याच प्रकारच्या क्रियेला 'भंजक ऊर्ध्वपातन' हे भारदस्त नाव होते. यात तापमान हळूहळू चढते, तास न् तास लागतात आणि कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण एक-तृतीयांश कोळसा मिळतो. सेल्युलोजच्या लांब साखळ्यांना सावकाश उष्णता दिली की त्यांतून पाणी सुटते, शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि कार्बनची घट्ट जाळी उरते. तेच लाकूड दोन-तीन मिलिमीटरचे बारीक कण करून ५०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उकळत्यासारख्या वाळूत टाकले, तर साखळ्यांना जुळायला सवडच मिळत नाही. त्या तुटतात आणि तुकडे वाफ होऊन बाहेर पडतात. ही वाफ दोन सेकंदांच्या आत थंड करावी लागते, नाहीतर तुकड्यांचे आणखी तुकडे पडून नुसता वायू होतो. असे जमले तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ६५ ते ७५ टक्के द्रव मिळतो. बाकीचा कोळसा आणि वायू.

वर्गात सांगताना आम्ही ज्वारीच्या लाह्यांचे उदाहरण देतो. कढई कडक तापलेली असेल तर दाणा फुटून लाही होते. मंद आचेवर दाणा नुसता वाळतो आणि गणंग राहतो. दाणा तोच आणि कढईही तीच, फरक फक्त वेगाचा. हे उदाहरण मुलांना चटकन पटते. मात्र ते इथेच सोडावे. लाहीत दाण्यातल्या पाण्याची वाफ टरफल फोडते, रेणू तुटून नवे पदार्थ बनणे हा तिथला मुख्य भाग नाही. आम्ही एकदा हे सांगायला विसरलो आणि उत्तरपत्रिकेत 'लाकडाच्या लाह्या होतात' असे वाचायला मिळाले.

त्या मुलाचा डबा शेगडीवर सावकाश तापत होता, म्हणजे तो करत होता ते भंजक ऊर्ध्वपातन. त्याच्या बाटलीत आले ते मुख्यतः पाणी, त्यात थोडे ॲसेटिक आम्ल, थोडा मिथेनॉल आणि डांबर. असे पाणी पेटत नाही. पण समजा, त्याच्याकडे उकळत्या वाळूची भट्टी असती आणि त्याने शीघ्र विघटन व्यवस्थित केले असते, तरी बाटलीत डिझेल आले असते का?

आले नसते. इथे आमच्या वाक्यातला दुसरा शब्द येतो, 'तेल'. इंग्रजीत या द्रवाला 'बायो-ऑइल' म्हणतात, आपण 'जैव-तेल' म्हणतो. नाव फार दुर्दैवी आहे. या द्रवात वजनाने १५ ते ३० टक्के पाणी असते आणि ते तळाशी किंवा वर वेगळे थांबत नाही, सगळ्यात मिसळलेले असते. त्याचा सामू २ ते ३, म्हणजे साधारण व्हिनेगरइतका किंवा त्याहूनही आम्लधर्मी. साधे पोलाद त्याने गंजते. लिटरला वजन सुमारे १.२ किलो, म्हणजे पाण्यापेक्षा जड. ते डिझेलमध्ये मिसळत नाही. एका किलोतून मिळणारी उष्णता १६ ते १९ मेगाज्यूल, तर भट्टीतल्या खनिज तेलाची ४० ते ४२. काही महिने ठेवले तर ते दाट होत जाते आणि पुढे थर पडतात. खनिज तेलासारखे ऊर्ध्वपातन करून त्यातून निरनिराळे भाग काढावेत म्हटले, तर तापवताच त्यातले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि जवळजवळ निम्मा भाग तळाशी घट्ट होऊन बसतो. नव्वदीच्या सुमारास अमेरिकेत या द्रवाला पैसे देणारे पहिले ठोक गिऱ्हाईक मिळाले, ते मांसाला धुराचा वास देणारे खाद्यअर्क बनवणाऱ्यांपैकी होते. जुन्या काळीही असेच होते. भद्रावतीला १९२३ साली सुरू झालेल्या म्हैसूरच्या लोखंड कारखान्यात धातू गाळायला लोणारी कोळसा लागे. तो करताना निघणारा द्रव जोडीच्या ऊर्ध्वपातन विभागात नेऊन त्यातून कॅल्शियम ॲसिटेट, मिथेनॉल आणि डांबर काढत. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले विश्वेश्वरय्या त्या कारखान्याचे कर्ते होते. त्यांनी या द्रवाचा विचार रसायनांची खाण म्हणून केला. इंधन म्हणून तिथे कोळसाच होता.

आता तिसरा आणि सर्वात महत्त्वाचा शब्द : 'ऑक्सिजनशिवाय'. भट्टीत हवा नाही एवढाच त्याचा अर्थ. पण वाचणाऱ्याच्या मनात असे बसते की या क्रियेत ऑक्सिजनचा संबंधच नाही. खरी गोष्ट अशी आहे की वाळलेल्या लाकडात वजनाने चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन मुळातच बांधलेला आहे. बाहेरचा ऑक्सिजन आपण दार लावून अडवला, पण आतला कुठे जाणार? तो जैव-तेलातच जातो. सामू, पाणी, कमी उष्णता, दाट होणे, डिझेलशी न जुळणे ही वर सांगितलेली सगळी दुखणी त्याच्यामुळे आहेत. पेट्रोल-डिझेलमध्ये जवळजवळ फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. म्हणून 'त्यापासून पेट्रोल, डिझेल बनवता येते' या अर्ध्या वाक्याचा रसायनातला अर्थ 'आतला ऑक्सिजन काढून टाकता येतो' असा आहे. तो काढायला काय लागते, हे आमच्या लेखात एका ओळीनेही नव्हते.

हे गणित अकरावीच्या विद्यार्थ्याला फळ्यावर करता येते. सेल्युलोजच्या एका कडीत ६ कार्बन, १० हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन अणू असतात. अणुभारांनी मांडले तर ७२, १० आणि ८०, बेरीज १६२. आता सगळा ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने काढा. पाच ऑक्सिजनना दहा हायड्रोजन लागतात आणि आपल्याकडे नेमके दहाच आहेत. ते सगळे संपले, हातात सहा कार्बन उरले, म्हणजे कोळसा! लोणारी भट्टी याच वाटेने जाते. इंधन-तेल हवे असेल तर दर कार्बनमागे निदान दोन हायड्रोजन शिल्लक पाहिजेत. ते बाहेरून आणायचे म्हटले तर एका कडीमागे आणखी बारा हायड्रोजन लागतात. १६२ ग्रॅम सेल्युलोजला १२ ग्रॅम हायड्रोजन दिला की ८४ ग्रॅम तेल आणि ९० ग्रॅम पाणी मिळते. बारा ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात, पण टनाच्या हिशेबात ते ७४ किलो होतात. हा हायड्रोजन आज बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासूनच बनवतात, आणि तो उत्प्रेरकावर शंभर-दोनशे वातावरणांच्या दाबाखाली द्यावा लागतो.

दुसरी वाट म्हणजे हायड्रोजन वाचवून ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने काढणे. दोन कड्या घ्या : १२ कार्बन, २० हायड्रोजन, १० ऑक्सिजन, वजन ३२४. त्यातून चार कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाणी काढले की ८ कार्बन आणि १६ हायड्रोजन उरतात, वजन ११२. म्हणजे बाहेरून काहीही न घालता, एकही कण कोळसा न होता, एक बुडबुडाही वायू वाया न जाता, टनभर सेल्युलोजपासून जास्तीत जास्त ३४५ किलो तेल मिळेल. लाकडात लिग्निन असते आणि त्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून लाकडाचा आकडा थोडा वर सरकेल. तरी ही कमाल मर्यादा झाली. 'लाकडाच्या ७५ टक्के तेल मिळते' हे वाचून ज्याने तेवढे पेट्रोल डोळ्यांसमोर आणले असेल, त्याने हे दोन आकडे शेजारी लिहून पाहावेत.

हा हिशेब कागदावरचा आहे, असे कोणी म्हणेल. तर एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अमेरिकेत २००७ साली 'किऑर' नावाची कंपनी निघाली. पुण्यात जन्मलेले गुंतवणूकदार विनोद खोसला यांच्या संस्थेचे तिला पाठबळ होते. मिसिसिपी राज्याने तिला साडेसात कोटी डॉलरचे कर्ज दिले. कोलंबस या गावी रोज ५०० टन कोरडे पाइनचे लाकूड घेण्याच्या क्षमतेचा कारखाना उभारला गेला. कल्पना चांगली होती. विघटनाच्या भट्टीतच वाळूऐवजी उत्प्रेरक घालायचा, म्हणजे बराचसा ऑक्सिजन वाफेतूनच निघून जाईल, आणि राहिलेला पुढे हायड्रोजन देऊन काढायचा. कंपनीने एका कोरड्या टनामागे ६७ गॅलन इंधनाचा आकडा सांगितला. अमेरिकी टन आणि गॅलन आपल्या मापांत आणले तर हे टनामागे सुमारे २८० लिटर, म्हणजे वजनाने बावीस टक्क्यांच्या आसपास होते. आपल्या फळ्यावरच्या मर्यादेशी ताडून पाहा : आकडा अशक्य नाही. पण तो मर्यादेच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आहे, आणि उत्प्रेरकावर काजळी बसते, वायू निघून जातो, कार्बन हरवतो हे सगळे धरून तिथे पोचायचे आहे. मार्च २०१३ मध्ये पहिले डिझेल बाहेर पडले. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २०१६ मध्ये तिथल्या रोखे-बाजार नियामकाने, ६७ गॅलनच्या आकड्यामागची गृहीतके गुंतवणूकदारांना नीट सांगितली नाहीत, असा ठपका ठेवला.

किऑरच्या सुरुवातीचे कौतुक करणारे लेख आम्ही त्या वेळी वाचले होते. शेवटाविषयीचे लेख मात्र शोधून काढावे लागले. विज्ञानाच्या लोकप्रिय लेखनाचा हा दोष आमच्या मते भाषेच्या दोषापेक्षा मोठा आहे. ज्या वाचकाने फक्त पहिला लेख वाचला, त्याच्या डोक्यात तो कारखाना अजून चालूच आहे. तो वाचक शिक्षक असेल तर तो आपल्या वर्गालाही तसेच सांगणार.

आता आपल्याकडच्या 'काडीकचऱ्या'विषयी. परदेशी लेखांतले आकडे पाइनच्या स्वच्छ, साल काढलेल्या लाकडाचे असतात. मराठीत येताना त्या जागी उसाचे पाचट, पऱ्हाटी, तूरकाठी, भाताचा पेंढा ही नावे येतात आणि आकडे मात्र तेच राहतात. हे चालणार नाही. पाचट आणि पेंढा यांच्यात राख पुष्कळ असते. पेंढ्यात सिलिका, आणि दोन्हींत पोटॅशियम. पोटॅशियम विघटनातच उत्प्रेरकाचे काम करते, पण आपल्याला नको त्या दिशेने. वाफेतले तुकडे मोडतात, कोळसा, पाणी आणि वायू वाढतात, द्रव घटतो. गवतवर्गी मालातून पन्नास-पंचावन्न टक्के द्रव मिळाला तरी पुष्कळ. शिवाय ओलावा दहा टक्क्यांच्या खाली आणायचा आणि दळून बारीक करायचे. पावसात भिजलेल्या, निम्मे पाणी असलेल्या मालाचा एक टन घेतला तर त्यातले पाचशे किलो पाणी घालवायला सव्वा हजार मेगाज्यूलहून जास्त उष्णता लागते, आणि उरलेल्या कोरड्या मालात एकूण नऊ हजार मेगाज्यूलच असतात. आपल्याकडे उन्हात वाळवण्याची सोय आहे हे खरे, पण ऊसतोड चालते तेव्हा शेतकऱ्याला रान मोकळे करायची घाई असते.

आणि हे सगळे खरेच टाकाऊ आहे का? पऱ्हाटी कित्येक घरांच्या चुलीत जाते. पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघते. ते पेटवून देण्यापेक्षा सरीत आच्छादन म्हणून राखणारे शेतकरी आता वाढले आहेत. पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली याच पाचटाचा साधा उपयोग शोधला. पिंपात पाचट भरायचे, पिंपे भट्टीत ठेवायची, निघणारा वायू बाहेर जाऊ न देता भट्टीतच जाळायचा आणि उरलेल्या कोळशाच्या भुकटीच्या कांड्या करायच्या. २००२ साली या कामाला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्या शाळकरी मुलाने जे पाहिले होते, वायू पेटतो, कोळसा पेटतो, पाणी पेटत नाही, त्याच तीन गोष्टींवर ही भट्टी चालते. त्यात द्रवाचा लोभ धरलेला नाही.

जैव-तेल निरुपयोगी आहे, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. सुटे पाचट घनमीटरला शंभरेक किलो भरते. त्यात दीड-दोन हजार मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक घनमीटर जैव-तेलात वीस हजार. ट्रक तोच, पण ऊर्जा दहापटीहून जास्त. मोटारीच्या इंजिनाचा हट्ट सोडून ते बॉयलरमध्ये जाळायचे ठरवले की बहुतेक अडचणी आटोक्यात येतात, फक्त टाकी, पंप आणि ज्वालक गंज न चढणाऱ्या पोलादाचे घ्यावे लागतात. फिनलंडमध्ये योएन्सूला २०१३ साली, वर्षाला ५० हजार टन तेलाच्या बेताने, वीजकेंद्राला जोडून असा कारखाना सुरू झाला. नेदरलँड्समध्ये हेंगेलो इथल्या २०१५ च्या कारखान्याचे तेल एका दुग्धालयात नैसर्गिक वायूच्या जागी वाफ करायला वापरले गेले. गेल्या काही वर्षांत तर एक अमेरिकी कंपनी हेच तेल खोल विहिरींत सोडून देते, म्हणजे झाडाने हवेतून घेतलेला कार्बन परत हवेत जाऊ नये. ज्या द्रवाला आम्ही 'डिझेल' म्हणवले, तो कोणी पैसे घेऊन जमिनीत पुरत असेल, असे तो लेख लिहिताना मनातही आले नव्हते.

हा प्रयोग शाळेत करावा की नाही, असे काही शिक्षकांनी आम्हाला विचारले आहे. जरूर करावा, पण उघड्या पटांगणात. नळीचे तोंड कधीही बंद होऊ देऊ नये आणि वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो हे मुलांना आधी सांगावे. भुस्सा वाळवून, तोलून घ्यावा. शेवटी कोळसा तोलावा, द्रव तोलावा, आणि वजाबाकीने वायू काढावा. द्रवात निळा लिटमस बुडवावा. काडी लावून पाहावी ती तिन्ही पदार्थांना, आणि जे दिसेल ते वहीत लिहावे. पाटीवर 'डिझेल' लिहू नये.

त्या गावी आम्ही नंतर पत्र पाठवले. मुलाचे नाव आमच्याकडे नव्हते, म्हणून 'नववीतला, भुश्श्याच्या डब्याची मांडणी करणारा विद्यार्थी' असे लिहून शाळेच्या पत्त्यावर टाकले. त्याचे निरीक्षण बरोबर होते आणि आमचा शेरा चुकीचा होता, एवढेच त्यात होते. सोबत वरचे गणित जोडले होते. उत्तर आले ते सरांचे. मुलगा दहावी होऊन बाहेर पडला आहे, पत्र त्याच्या घरी पोचवले आहे, आणि मांडणी या वर्षी दुसऱ्या मुलांनी पुन्हा केली आहे, असे त्यांनी लिहिले होते. पाटी आता कोणती आहे, ते त्यांनी लिहिलेले नाही.